गावात अमली पदार्थांचा कारखाना सापडला तर : कुणाला कळवायचे, जागा कोणी साफ करायची आणि तब्येत कशी जपायची

नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थ विरोधी पथकाने कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यात ढोलगरवाडी येथे छापा घातला. शेतातील फार्महाऊसवर मेफेड्रोन म्हणजे ‘एमडी’ तयार होत असल्याचे उघड झाले. तोवर ढोलगरवाडी लोकांना माहीत होती ती तिथल्या सर्पशाळेमुळे. त्यानंतरच्या काळात नाशिकजवळचे शिंदे गाव (ऑक्टोबर २०२३), दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहत आणि सांगलीजवळचे कुपवाड (फेब्रुवारी २०२४), कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी (मार्च २०२४) अशी एकामागून एक नावे बातम्यांत आली.

अशा बातम्यांमध्ये माल किती कोटींचा होता आणि अटक किती जणांना झाली, हे ठळकपणे येते. आसपास राहणाऱ्या कुटुंबांचे प्रश्न मात्र वेगळे असतात. विहिरीचे पाणी प्यावे का? पोर त्या शेडजवळ खेळत होते, त्याला काही होईल का? जागा भाड्याने दिली होती, आता ती झाडून घ्यावी का? आधीच वास येत होता, तेव्हा कळवले नाही म्हणून आपल्यावर काही येईल का? या लेखात याच प्रश्नांची उत्तरे आरोग्य आणि कायदा या दोन्ही बाजूंनी दिली आहेत.

थोडक्यात महत्त्वाचे

- संशयित जागेत स्वतः शिरू नका, काही हलवू नका, दिव्याचे बटण दाबू नका. बाहेर या आणि ११२ वर कळवा.
- अमली पदार्थांबाबत माहिती देण्यासाठी १९३३ ही राष्ट्रीय ‘मानस’ हेल्पलाइन आहे. नाव न सांगताही माहिती देता येते.
- डोळ्यांत किंवा अंगावर रसायन गेले तर लगेच स्वच्छ पाण्याने किमान १५ ते २० मिनिटे धुवा आणि मग दवाखान्यात जा.
- जवळच्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी तपासणी होईपर्यंत पिऊ नका. उकळल्याने रसायने जात नाहीत.
- पोलिसांनी जागा लेखी मोकळी करेपर्यंत धुणे, झाडणे, जाळणे, पुरणे यांपैकी काहीही करू नका.

असा कारखाना आरोग्याला धोकादायक का असतो?

मेफेड्रोन हा कृत्रिम उत्तेजक पदार्थ आहे. तो झाडापासून मिळत नाही, रसायनांपासून बनवतात. त्यात पेट घेणारी द्रावके, तीव्र आम्ले, कॉस्टिक सोड्यासारखे दाहक पदार्थ आणि डोळे व श्वासनलिकेला झोंबणारी रसायने वापरली जातात. परवानाधारक औषध कारखान्यात यासाठी बंदिस्त भांडी, धूर ओढून घेणारी यंत्रणा, सांडपाणी प्रक्रिया आणि प्रशिक्षित कामगार असतात. फार्महाऊस, कोंबड्यांची बंद शेड किंवा भाड्याच्या गाळ्यात यातले काही नसते. वाफ खिडकीतून बाहेर जाते आणि उरलेले पाणी नाल्यात, शोषखड्ड्यात किंवा बांधावर ओतले जाते.

त्यामुळे धोका तीन प्रकारचा असतो.

१. तात्काळ धोका. आग, स्फोट, आम्लाने भाजणे, विषारी वायू श्वासात जाणे. हा धोका सर्वांत जास्त आत काम करणाऱ्यांना आणि छाप्याच्या वेळी प्रथम आत जाणाऱ्यांना असतो.

२. जागेत उरलेला अंश. भिंती, फरशी, लाकूड, पोती, गाद्या यांत मुरलेली रसायने आणि पदार्थाची पूड. रांगणाऱ्या, हात तोंडात घालणाऱ्या मुलांच्या पोटात ती मोठ्यांपेक्षा सहज जाते.

३. माती आणि पाणी. ओतलेली द्रावके जमिनीत झिरपून विहिरीपर्यंत जाऊ शकतात. चंदगडसारख्या भरपूर पावसाच्या तालुक्यात वरची रसायने पावसाळ्यात ओढ्यांना लागून ताम्रपर्णी, घटप्रभेच्या दिशेने वाहतात.

मात्र रस्त्यावरून जाता-येता एकदोनदा वास आला, एवढ्याने दीर्घकाळचा आजार होतो असे मानण्याचे कारण नाही. न्यूझीलंडमध्ये मेथॲम्फेटामिनच्या घरांबाबत मोठी घबराट पसरली होती. २०१८ मध्ये तेथील पंतप्रधानांचे मुख्य विज्ञान सल्लागार सर पीटर ग्लुकमन यांच्या अहवालाने एक फरक स्पष्ट केला. जिथे पदार्थ बनवला गेला त्या जागेची सफाई आवश्यक असते. जिथे तो फक्त ओढला गेला, तिथल्या अत्यल्प अंशामुळे नंतर राहायला आलेल्यांना इजा झाल्याचा पुरावा आढळत नाही. म्हणून भीती बाळगण्याऐवजी आपण नेमके किती जवळ आणि किती वेळ होतो, हे डॉक्टरांना सांगणे जास्त उपयोगाचे.

संशय कधी घ्यावा?

- बंद शेडमधून, विशेषतः रात्री, थिनर, ॲसिड किंवा कुजलेल्या मासळीसारखा उग्र वास येणे
- खिडक्या कागदाने किंवा प्लॅस्टिकने झाकलेल्या असणे, पण पंखे सतत चालू असणे
- नाव खरवडलेले ड्रम आणि कॅन, काचेची मोठी भांडी, रात्रीची वाहतूक
- शेडमागची माती रंग बदललेली, गवत जळालेले
- जनावरांना ठेवलेल्या पाण्याला तवंग किंवा वास

यातले एखादे लक्षण म्हणजे पुरावा नव्हे. चंदगड, आजरा भागात काजू प्रक्रिया चालते आणि काजूच्या टरफलाचा धूरही डोळ्यांना झोंबतो. शेतातील कीटकनाशकांचा, कोंबडीखताचा वासही उग्र असतो. खात्री करण्याचे काम पोलिसांचे आहे. कुतूहलाने आत डोकावणे किंवा मोबाइलवर चित्रीकरण करणे टाळा. त्यात रसायनांचा धोका आहे आणि माणसांचाही.

कळवणे : कायदा काय सांगतो?

‘मी कशाला यात पडू’ हा विचार स्वाभाविक आहे. पण खेड्यात राहणाऱ्यावर कायद्याने काही जबाबदारी टाकली आहे, आणि कळवणाऱ्याला संरक्षणही दिले आहे.

*गावातील रहिवाशांची जबाबदारी.* भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३४ नुसार गावच्या कारभाराशी संबंधित प्रत्येक अधिकाऱ्याने आणि गावात राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने, गावात किंवा गावाजवळ अजामीनपात्र गुन्हा घडल्याची किंवा घडणार असल्याची माहिती असल्यास ती जवळच्या दंडाधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याला ताबडतोब द्यायची असते. अमली पदार्थ तयार करणे हा अजामीनपात्र गुन्हा आहे. इथे ‘माहिती असणे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. फक्त वास आला आणि तुम्हाला काही उमगले नाही, तर तुम्ही दोषी ठरत नाही. माहीत असून जाणीवपूर्वक दडवणे हे वेगळे आणि ते शिक्षापात्र ठरू शकते.

*पाणी आणि हवा दूषित करणे.* त्याच संहितेच्या कलम ३३ मध्ये असे गुन्हे दिले आहेत, जे माहीत असल्यास कोणीही, शहरात राहणाऱ्यानेसुद्धा, कळवायचे असतात. त्यात सार्वजनिक झऱ्याचे किंवा जलाशयाचे पाणी घाण करणे आणि हवा आरोग्यास घातक करणे हे गुन्हेही येतात. म्हणजे आत नेमके काय बनते हे ठाऊक नसले, तरी गावच्या तळ्यात रसायन ओतताना पाहिले असेल तर ती तक्रार स्वतंत्रपणे करता येते.

*सरपंच आणि पंच.* अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा आहे. त्याच्या कलम ४७ मध्ये सरपंच, पंच व ग्राम अधिकाऱ्यांवर माहिती देण्याची सक्ती आहे, पण ती अफू, गांजा, कोका यांच्या बेकायदा लागवडीबाबत. कारखान्यांचा उल्लेख त्या कलमात नाही. त्यामुळे कारखान्याच्या बाबतीत वर सांगितलेले कलम ३४ लागू पडते. पोलीस पाटलांवर महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार गुन्ह्यांची माहिती देण्याचे कर्तव्य आहेच.

*तुमचे नाव फुटेल का?* १९८५ च्या कायद्याच्या कलम ६८ नुसार, या कायद्याखाली अधिकार वापरणाऱ्या अधिकाऱ्याला ‘तुला ही माहिती कुठून मिळाली’ हे सांगण्याची सक्ती करता येत नाही. पुढे साक्ष द्यावी लागली आणि जिवाला धोका वाटला, तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ही योजना देशभर लागू केली.

*खोटी तक्रार.* भाऊबंदकीतून किंवा बांधाच्या भांडणातून, द्वेषबुद्धीने खोटी माहिती देऊन एखाद्याची झडती किंवा अटक घडवून आणली, तर कलम ५८ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रामाणिक संशय आणि खोटी तक्रार यांत कायदा फरक करतो.

कळवताना एवढे सांगा : जागा कुठे आहे, काय दिसले किंवा कसला वास आला, केव्हापासून, आत माणसे व मुले आहेत का, जवळ विहीर, ओढा, शाळा आहे का. शेवटचे दोन तपशील अनेकजण सांगत नाहीत. आरोग्याच्या दृष्टीने तेच सर्वांत आधी लागतात.

जागा तुमची असेल तर

कलम २५ नुसार घर, शेड, जमीन किंवा वाहन ताब्यात असणाऱ्याने जाणूनबुजून ते अशा गुन्ह्यासाठी वापरू दिले, तर त्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा होते. मेफेड्रोनचे व्यापारी प्रमाण केवळ ५० ग्रॅमपासून सुरू होते आणि त्याला १० ते २० वर्षे सक्तमजुरी व एक ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. या पदार्थाचा कायद्याच्या यादीत समावेश फेब्रुवारी २०१५ मध्ये झाला. काही रसायने ‘नियंत्रित पदार्थ’ म्हणून ठरवलेली आहेत. त्यांची खरेदी-विक्री, साठा व वाहतूक २०१३ च्या नियमन आदेशानुसारच करता येते आणि उल्लंघनाला कलम २५-अ खाली दहा वर्षांपर्यंत कैद आहे.

म्हणून शेड किंवा फार्महाऊस भाड्याने देताना लेखी करार करा, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या आणि अधूनमधून दिवसा जाऊन जागा पाहा. बाजारभावापेक्षा फार जास्त भाडे आणि ‘मालकाने फिरकायचे नाही’ ही अट एकत्र आली तर सावध व्हा. संशय आल्यावर तुम्ही स्वतःहून लगेच कळवले असेल, तर त्याची लेखी पोच जपून ठेवा. तुम्हाला माहिती नव्हती, हे दाखवायला ती उपयोगी पडते.

छाप्यानंतर : सफाई कोणाची?

इथे कायद्याचे दोन वेगळे भाग आहेत आणि लोकांची गल्लत इथेच होते.

*पहिला भाग : मुद्देमाल.* जप्त केलेले पदार्थ, रसायने आणि उपकरणे पोलिसांच्या ताब्यात जातात. घातक स्वरूपाचा माल खटला संपेपर्यंत साठवावा लागू नये म्हणून कलम ५२-अ आहे. दंडाधिकाऱ्यांसमोर यादी, छायाचित्रे व नमुने प्रमाणित केले की तेच पुरावा म्हणून धरले जातात आणि मूळ माल नष्ट करता येतो. याची तपशीलवार पद्धत डिसेंबर २०२२ च्या नियमांत आहे. त्यामुळे ‘केस चालू आहे, ड्रम इथेच राहणार’ असे कोणी म्हणाले, तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन या कलमाखाली कार्यवाही करण्याची विनंती करा.

*दुसरा भाग : भिंती, माती, विहीर.* हा भाग मुद्देमालात येत नाही. अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा प्रयोगशाळांच्या सफाईसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि अनेक राज्यांनी भिंतीवर किती अंश चालेल याचे आकडे ठरवले. न्यूझीलंडच्या २०१७ च्या मानकात १०० चौरस सेंटिमीटरला १.५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे, तर ऑस्ट्रेलियात ०.५. हे आकडे मेथॲम्फेटामिनचे आहेत. भारतात अशा जागांसाठी वेगळा कायदा किंवा असा आकडा नाही. पण म्हणून जबाबदारी कुणाचीच नाही, असे नव्हे. पर्यावरणाचे सर्वसाधारण कायदे इथे लागू होतात.

- जलप्रदूषण कायदा, १९७४. ओढ्यात, विहिरीत किंवा जमिनीवर विषारी द्रव सोडण्यास बंदी आहे. तातडीच्या प्रसंगी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ कलम ३२ खाली स्वतः उपाय करू शकते. मंडळाचे प्रादेशिक कार्यालय कोल्हापुरात आहे.
- घातक कचरा नियम, २०१६. उरलेली रसायने, भिजलेली माती, दूषित पोती ही घातक कचरा म्हणून हाताळायची असतात. ती कचरा डेपोत टाकता येत नाहीत. त्यांची विल्हेवाट अधिकृत केंद्रातच होते. आपल्याकडून जवळचे असे केंद्र पुणे जिल्ह्यात रांजणगावला आहे.
- दूषित जागांचे व्यवस्थापन नियम, २०२५. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये हे नियम काढले. जिल्हा प्रशासनाने संशयित दूषित जागांची माहिती दर सहा महिन्यांनी राज्य मंडळाला द्यायची आणि मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, असा त्यांचा क्रम आहे. सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावर येतो. तो सापडत नसेल किंवा त्याची ऐपत नसेल तर सरकारी निधीतून काम करायचे असते.
- राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. याचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ या तत्त्वावर नुकसानभरपाई आणि जागा पूर्ववत करण्याचा आदेश तिथे मागता येतो. त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे.
- प्रांताधिकारी. सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकारी आदेश काढू शकतात. खेड्यातील माणसाला हा सर्वांत जवळचा मार्ग आहे.

प्रत्यक्षात काय करायचे? ग्रामपंचायतीने ठराव करून एकच अर्ज तीन ठिकाणी द्यावा : तहसीलदार, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कोल्हापूर कार्यालय आणि तपास करणारे पोलीस ठाणे. एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्यावी. अर्जात ‘माती व पाण्याची तपासणी’ आणि ‘तोवर पर्यायी पिण्याचे पाणी’ या दोन मागण्या स्वतंत्रपणे लिहाव्यात. प्रत्येक प्रतीवर पोच घ्यावी. ग्रामपंचायतीने अर्ज केला नाही, तर एकट्या कुटुंबालाही हाच अर्ज करता येतो.

पाणी : सर्वांत जास्त चुका इथेच होतात

उकळल्याने जंतू मरतात, रसायने जात नाहीत. उलट काही द्रावकांची वाफ स्वयंपाकघरात पसरते. ब्लिचिंग पावडर, मेडिक्लोर, तुरटी यांचाही उपयोग नाही. घरातल्या फिल्टरवर विसंबू नका.

पाण्याची नेहमीची तपासणी क्षार, नायट्रेट आणि जंतूंसाठी असते. तिचा अहवाल ‘पिण्यायोग्य’ आला, तरी द्रावके आहेत की नाहीत हे त्यातून कळत नाही. म्हणून नमुना देताना ‘सेंद्रिय द्रावकांसाठी तपासणी हवी’ असे लेखी मागा. अहवाल येईपर्यंत ते पाणी पिणे, स्वयंपाक, लहान मुलांची आंघोळ आणि जनावरांना पाजणे बंद ठेवा. जनावरांनी आधीच पाणी प्यायले असेल तर पशुवैद्यकांना दाखवा आणि त्यांनी सांगेपर्यंत दूध विकू नका.

पोलिसांनी जागा मोकळी केल्यानंतर

आधी तपास अधिकाऱ्याकडून जागा परत दिल्याचे लेखी घ्या. त्याआधी साफ केलेत, तर पुरावा नष्ट केल्याचा ठपका येऊ शकतो. ड्रम, काचेची भांडी, पांढरी किंवा रंगीत पूड, डबकी यांपैकी काही शिल्लक दिसले, तर सफाई सुरू करू नका. पुन्हा पोलिसांना व मंडळाला कळवा.

रसायने हलवून झाल्यावर आणि मंडळाच्या अधिकाऱ्यांचा सल्ला घेतल्यावरच पुढची पायरी. दारे-खिडक्या अनेक दिवस उघडी ठेवा. गाद्या, पोती, प्लायवूड, पुठ्ठा अशा शोषून घेणाऱ्या वस्तू वापरात घेऊ नका. फरशी, पत्रा, स्टील असे गुळगुळीत भाग साबणाच्या पाण्याने पुन्हापुन्हा पुसता येतात. धुतलेले पाणी गटारात किंवा बांधावर जाऊ देऊ नका. हातमोजे, गमबूट, चष्मा वापरा. साधा कापडी मास्क वाफेपासून वाचवत नाही. ॲसिड, ब्लीच किंवा फिनेल ओतून ‘वास मारण्याचा’ प्रयत्न करू नका. आधीच्या रसायनांशी संयोग होऊन विषारी वायू निघू शकतो. काहीही जाळू नका. गरोदर स्त्रिया, मुले आणि दम्याचे रुग्ण यांना या कामापासून दूर ठेवा. रोजंदारीवर माणसे लावणार असाल, तर तिथे काय होते हे त्यांना आधी सांगा. ही माहिती लपवून त्यांना आत पाठवणे योग्य नाही.

संपर्क झाला असेल तर प्रथमोपचार

- *डोळे :* वाहत्या स्वच्छ पाण्याने १५ ते २० मिनिटे धुवा, पापण्या उघड्या धरा. चोळू नका. दूध, तूप, मध घालू नका.
- *त्वचा :* कोरडी पूड असेल तर आधी झटका, मग भरपूर पाण्याने धुवा. कपडे काढून पिशवीत बांधून वेगळे ठेवा. आम्लावर खाण्याचा सोडा चोळणे टाळा.
- *श्वास :* लगेच मोकळ्या हवेत आणा, बसवून ठेवा. वाचवायला म्हणून वाफेने भरलेल्या खोलीत शिरू नका. असे करताना वाचवणाराच बेशुद्ध होऊ शकतो.
- *पोटात गेले असेल :* उलटी करवू नका. दाहक पदार्थ वर येताना पुन्हा भाजतो आणि द्रावक फुप्फुसात जाऊ शकते.

रुग्णवाहिकेसाठी १०८. विषबाधेबाबत डॉक्टर आणि कुटुंबीय दोघांनाही दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा सल्ला १८०० ११६ ११७ या क्रमांकावर मिळतो.

दवाखान्यात ताबडतोब केव्हा जावे?

धाप, छातीत घरघर, सतत खोकला, आवाज बसणे, डोळ्यांना अंधुक दिसणे, त्वचा भाजणे, छातीत धडधड, खूप अस्वस्थता, तापाने अंग तापणे, असंबद्ध बोलणे, झटके किंवा गुंगी यांपैकी काहीही असेल तर थांबू नका. काही वायूंमुळे फुप्फुसात पाणी होण्याचा त्रास काही तासांनंतर सुरू होतो. म्हणून बंद जागेत वाफ श्वासात गेलेल्या माणसाने बरे वाटत असले तरी डॉक्टरांना दाखवावे आणि २४ तास लक्ष ठेवावे. चंदगडचे ग्रामीण रुग्णालय, गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय आणि कोल्हापूरचे सीपीआर यांपैकी जे जवळ असेल तिथे आधी जा.

‘कारखान्याचा संपर्क झाला का’ हे सांगणारी एकच अशी रक्ततपासणी नाही. डॉक्टर लक्षणांनुसार ऑक्सिजनची पातळी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या करतात. रसायनाच्या डब्यावरचे नाव वाचता आले असेल तर ते सांगा, पण त्यासाठी डबा आणायला परत जाऊ नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*दवाखान्यात खरे सांगितले तर पोलीस केस होईल का?*
विषबाधा आणि भाजण्याच्या घटनांची नोंद वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून होते. ही नोंद म्हणजे रुग्णावर आरोप नव्हे. कागदपत्रे नंतर होतात, उपचार आधी. तातडीच्या रुग्णावर उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितले आहे. खरे कारण लपवले, तर उपचार चुकू शकतात.

*आमचा मुलगा ‘केमिकलचे काम आहे’ म्हणून तिथे मजुरीला जात होता. काय करावे?*
आधी त्याची तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना कामाचे स्वरूप मोकळेपणाने सांगा. त्यानंतर वकिलाच्या सल्ल्याने पोलिसांकडे स्वतःहून जा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मागता येते. त्याला काय माहीत होते, यावर कायद्यात बरेच अवलंबून असते. पळून जाण्याने ती बाजू कमकुवत होते.

*घरातल्या कुणाला एमडीचे व्यसन असेल तर?*
व्यसनी माणसासाठी कायद्यात उपचाराची वाट ठेवली आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर कलम ६४-अ खाली खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

*छाप्याला वर्ष झाले. आता तपासणीचा उपयोग आहे का?*
आहे. हवेत उडून जाणारी रसायने उघड्या जागेतून लवकर कमी होतात, पण भूजलात गेलेली द्रावके दीर्घकाळ राहू शकतात. त्या परिसरातील विहिरीचे पाणी पिण्यासाठी वापरत असाल तर आजही तपासणीची मागणी करा.

छापा झाला, आरोपी पकडले गेले की गावाला प्रकरण संपल्यासारखे वाटते. पोलिसांचे काम तिथे बरेचसे होते, पण पाण्याची आणि मातीची तपासणी कुणीतरी मागितल्याशिवाय बहुधा होत नाही. ती मागणारा अर्ज एका पानाचा असतो. तो छाप्याच्या आठवड्यातच द्या, आणि अहवाल हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. लक्षणे असल्यास प्रत्यक्ष डॉक्टरांना दाखवा आणि स्वतःच्या प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्या.*